कलाशाखेबाहेरील कला : मुंबईतील चित्रशिक्षण आणि विद्यापीठीय पदवी

मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात १८५७ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेचे वर्ग एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत सुरू झाले, आणि १८ जुलै रोजी मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला. एकाच नगरीत, एकाच सरकारच्या आश्रयाने व चारपाच महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन संस्थांचा पदवीच्या नात्याने परस्परांशी संबंध जुळण्यास मात्र १९८१ साल उजाडावे लागले. मधल्या एकशे चोवीस वर्षांत विद्यापीठाने सहस्रावधी 'कला-स्नातक' निर्माण केले. त्यांपैकी एकासही या पदवीसाठी कुंचला हाती धरावा लागला नाही. उलट जे आयुष्यभर कुंचला धरून बसले, ते विद्यापीठाच्या दृष्टीने अपदवीधरच राहिले. ही विसंगती केवळ कारभारातील दिरंगाईमुळे निर्माण झाली असे मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. तिच्या मुळाशी ज्ञान कशाला म्हणावे यासंबंधीची एक विशिष्ट समजूत होती.

प्रथम 'कला' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत ज्या सात 'मुक्त' विद्या शिकविल्या जात, त्या म्हणजे व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, ज्योतिष व संगीत. चित्र व शिल्प यांना त्या मालिकेत स्थान नव्हते. चित्रकार हा कारागीर, त्याचे शिक्षण उस्तादाच्या कारखान्यात व्हावयाचे, आणि त्याची प्रतिष्ठा त्याच्या व्यवसायसंघाने राखावयाची, अशी ती व्यवस्था होती. चित्रकर्म हे हाताचे नसून बुद्धीचे काम आहे, हा युक्तिवाद लिओनार्दो प्रभृतींना मोठ्या आवेशाने करावा लागला याचे कारण हेच. १५६३ मध्ये वसारीच्या प्रयत्नाने फ्लॉरेन्स येथे आरेखनाची अकादमी स्थापन झाली. तथापि ती विद्यापीठाच्या शेजारी उभी राहिली, विद्यापीठात नव्हे. त्या मुक्त विद्यांचे इंग्रजी नाव मराठीत आणताना 'कला' हा शब्द योजला गेला, आणि येथेच घोटाळ्यास प्रारंभ झाला. आपल्या परंपरेतील चौसष्ट कलांत आलेख्य, म्हणजे चित्रकर्म, स्पष्टपणे गणलेले आहे. व्याकरण वा न्याय यांची गणना कलांत नव्हे तर शास्त्रांत होत असे. अर्थात ज्यास खरोखर 'शास्त्रशाखा' म्हणावयास हवे होते तिला 'कलाशाखा' म्हटले गेले, आणि ज्या कला होत्या त्या दाराबाहेर राहिल्या. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मूर्तिविद्या शिकू इच्छिणाऱ्या वज्र राजास मार्कंडेय ऋषी सांगतात, की मूर्ती कळण्यास चित्र कळले पाहिजे, चित्र कळण्यास नृत्य, आणि नृत्य कळण्यास वाद्य व गीत. एका विद्येवाचून दुसरी पंगू, हा विचार ज्या परंपरेत इतक्या नि:संदिग्धपणे मांडला गेला होता, तिच्या वारसांना हा विभाग खटकला नाही, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

मुंबई विद्यापीठाचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. ते त्या काळी परीक्षा घेणारे व पदव्या देणारे मंडळ होते; अध्यापन महाविद्यालयांनी करावयाचे होते. अशा विद्यापीठास जे ज्ञान तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत मावते तेच तपासता येते, हे खरे. परंतु ही अडचण अनुल्लंघ्य नव्हती. पुढे विज्ञानशाखा आली तेव्हा प्रयोगशाळा आली, प्रात्यक्षिक परीक्षा आली आणि हाताने केलेल्या कामास गुण देण्याची पद्धतही रूढ झाली. रसायनशाळेतील परीक्षानळीला जे दार उघडले ते चित्रफलकाला उघडले नाही.

कलाशाळेचा उगमच निराळ्या हेतूतून झाला होता. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात हिंदी कारागिरीचे कौतुक झाले, आणि यंत्राच्या मालापुढे ही कारागिरी टिकावी कशी याची चिंताही सुरू झाली. १८५३ मध्ये जमशेटजींनी एक लक्ष रुपये देऊ केले ते येथील कला व कारखानदारी यांच्या सुधारणेसाठी. त्याच सुमारास इंग्लंडात हेन्री कोल यांच्या नेतृत्वाखाली आरेखन-शिक्षणाची जी श्रेणीबद्ध पद्धती तयार झाली, तीच इकडे आली. सरळ रेषेपासून प्रारंभ, मग अलंकरण, मग प्लास्टरच्या प्रतिमांवरून छायांकन, आणि शेवटी मनुष्याकृती, असा तो क्रम होता. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स व हिगिन्स हे शिक्षक आले आणि शिल्प, सजावटीचे चित्रकाम व धातुकाम यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भिंतींवरील पाने, पशुपक्षी व जाळ्या यांत या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार कला-स्नातक बाहेर पडले. ते रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे होत. एका बाजूस न्यायासन, अध्यापन व समाजसुधारणा यांचे नेतृत्व करणारा वर्ग, व दुसऱ्या बाजूस कमानी कोरणारा वर्ग, अशी श्रमविभागणी पहिल्या दहा वर्षांतच पक्की झाली होती.

तरीही या शाळेतून जे घडत होते ते केवळ हस्तव्यवसायाचे शिक्षण नव्हते. याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांसह लेण्यांत राहून ही कामगिरी केली. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या सामग्रीवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध झाले. प्रतिकृती करणारास रंगाचा थर कोणता आधी बसला, रेषा कोठे दुरुस्त झाली, गेरूची प्राथमिक आकृती व अंतिम आकृती यांत कोठे फरक पडला, याचा निर्णय प्रत्येक वीतभर पृष्ठावर करावा लागतो. हे संशोधन नव्हे तर काय? मुंबईच्या उपनगरातही याचे एक उदाहरण आहे. बोरिवलीनजीकच्या कान्हेरी येथे चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाची चित्रे अपूर्ण अवस्थेत राहिली आहेत. पूर्ण झालेले चित्र आपली घडण लपविते. अपूर्ण चित्र ती उघड करते. परंतु उघड झालेली घडण वाचावयास वाचणाराने कधी तरी स्वतः रेषा काढलेली असावी लागते. इतिहासाचा कला-स्नातक कान्हेरीच्या शिलालेखांचे वाचन करू शकेल, छताकडे मात्र तो प्रवाशाच्याच नजरेने पाहील. आणि ज्याला छत वाचता येईल त्या चित्रशाळेतील विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात शिलालेखाची लिपी नसेल. दोन अर्धी ज्ञाने एका पूर्ण ज्ञानाचे काम करीत नाहीत.

विद्यापीठाबाहेर राहिल्याने कलाशाळेस स्वतःची एक परंपरा निर्माण करता आली, हे मान्य केले पाहिजे. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे या परंपरेचे ठळक उदाहरण. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले धुरंधर जानेवारी १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून शाळेत आले आणि जानेवारी १९३१ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मवृत्त १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात परीक्षा, बढत्या, युरोपीय अधिकाऱ्यांचे स्वभाव, प्रदर्शने व पारितोषिके यांची जी बारकाईने नोंद आहे, तीमुळे हा ग्रंथ संस्थेच्या इतिहासाचे अस्सल साधन ठरला आहे. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाकडून निघावयास हवे होते असे हे काम एका चित्रकाराने खार या उपनगरात निवृत्तिकाळ घालविताना, मराठीत आणि कोणत्याही संशोधनपदवीच्या आशेवाचून केले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनीही याच शाळेची पदविका मिळविली; कलाशाळेत रीतसर शिकलेल्या आरंभीच्या हिंदू स्त्रियांत त्यांची गणना होते.

ही पदविका सरकारी होती. तिच्या धारकास 'जी. डी. आर्ट' म्हणत, आणि ही अक्षरे नावापुढे लावण्यात भूषण मानले जाई. शालान्त परीक्षा व रेखाकलेच्या प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास प्रवेश मिळे. त्यामुळे सुतार, सोनार, मूर्तिकार यांच्या घरांतील अनेक मुले विद्यापीठाची पायरी न चढता चित्रकार होऊ शकली. परंतु पदविकेस विद्यापीठात पुढची वाट नव्हती. पदव्युत्तर अध्ययन नाही, संशोधन नाही; बहुसंख्यांस उरली ती शाळेतील चित्रकला-शिक्षकाची जागा, आणि त्या जागेस मानही बेताचाच होता.

येथे वास्तुविद्येची कथा उद्बोधक ठरते. ती शिकविली जात होती याच शाळेच्या आवारात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता आणि १९२३ नंतर दोन दशके क्लॉड बॅटली यांच्या मार्गदर्शनाखाली तो विभाग नावारूपास आला होता. १९५२ मध्ये वास्तुविद्या विद्यापीठाशी संलग्न झाली व १९५८ मध्ये तिचे निराळे महाविद्यालय झाले. जाहिरातकलेचा विभाग १९३५ मध्ये निघाला. त्याचीही पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. वास्तुविद्येपाठोपाठ चित्र व शिल्प विद्यापीठात यावयास आणखी एकोणतीस वर्षे लागली. आरेखन दोहोंतही आहे आणि कार्यशाळाही दोहोंत आहे. फरक एवढाच की वास्तुविशारदाच्या सहीस नगरपालिकेत किंमत आहे आणि चित्रकाराच्या सहीस ती केवळ चित्राच्या कोपऱ्यात आहे. व्यवसायाची कायदेशीर प्रतिष्ठा ही विद्यापीठाच्या मान्यतेची पूर्वअट ठरली, असाच याचा अर्थ होतो.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की ज्या लंडनचा नमुना मुंबईने घेतला तेथेच ही भिंत फार लवकर पडली होती. फेलिक्स स्लेड यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून ऑक्सफर्ड, केंब्रिज व लंडन येथे कलेची अध्यासने निर्माण झाली. त्यांपैकी लंडन येथे, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारातच, १८७१ मध्ये चित्रशाळा सुरू झाली. अमेरिकेत येल येथे विद्यापीठाच्या परिसरात १८६९ मध्ये असे विद्यालय उघडले होते, आणि पुढे तेथील अनेक महाविद्यालयांत चित्र हा तत्त्वज्ञान वा इतिहास यांच्याप्रमाणे निवडता येण्याजोगा विषय झाला. मुंबईने १८५७ चे लंडन घेतले, १८७१ चे घेतले नाही. मराठीतील कलाविचारास यामुळे काय मुकावे लागले याची कल्पना द. ग. गोडसे यांच्यावरून येते. गोडसे स्लेडमध्ये शिकलेले. 'पोत', 'शक्तिसौष्ठव' इत्यादी ग्रंथांत त्यांनी शिल्प, वस्त्र, रंगभूमी, संतसाहित्य व इतिहास यांचा जो एकत्र वेध घेतला, तो त्यांच्या व्यक्तिगत प्रतिभेचा पराक्रम होता हे खरेच. परंतु ज्या शिक्षणव्यवस्थेत असा अभ्यास अपवादाने नव्हे तर नियमाने घडू शकेल, ती व्यवस्था त्यांच्या काळच्या मुंबईत नव्हती.

ती प्रथम उभी राहिली बडोद्यास. गायकवाडांच्या या राजधानीत १८९० मध्येच कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली होती. मुंबईच्या कलाशाळेतून आलेले दादासाहेब फाळके तेथे शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. ते संलग्न महाविद्यालयांचे मंडळ नव्हते, तर स्वतः अध्यापन करणारे विद्यापीठ होते, आणि कुलगुरुपदी हंसा मेहता होत्या. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाता. चित्रविभाग नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे व शिल्पविभाग शंखो चौधुरी यांच्याकडे होता. बेंद्रे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे शिष्य. त्यांनी मुंबईची कलापदविका घेतली होती आणि आग्रा विद्यापीठाची बी. ए. पदवीही. म्हणजे जे दोन मार्ग मुंबईत कधी भेटत नव्हते, ते दोन्ही त्यांनी स्वतंत्रपणे तुडविले होते. बडोद्याने देऊ केलेल्या पदवीचे मूळ नाव 'बी. ए. फाइन' असे होते, 'एम. ए. फाइन' ही तिची वरची पायरी. 'कला-स्नातक' या शब्दास त्या नावात प्रथमच त्याचा वाच्यार्थ लाभला. चित्रशाळेच्या जोडीस कलेचा इतिहास व सौंदर्यविचार यांचे स्वतंत्र अध्यापन ठेवण्यात आले, आणि इतिहासाचे अभ्यासक व चित्रकार एकाच आवारात वावरू लागले. बेंद्रे १९५९ मध्ये अधिष्ठाता झाले व १९६६ मध्ये बडोदे सोडून मुंबईस परतले. ते येथे आले तेव्हाही मुंबईत पदविकाच चालू होती. नुकतेच, १९६५ मध्ये, राज्याचे कलासंचालनालय स्थापन झाले होते. त्यामुळे चित्रशिक्षणास स्वतःचे खाते मिळाले, पण विद्यापीठ आणखी एका टप्प्याने दूर गेले असे म्हणावयास जागा आहे.

मुंबईत या नियमाला एक अपवाद होता, आणि तो स्त्रियांच्या विद्यापीठाचा. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यास स्थापिलेले व पुढे १९३६ मध्ये मुंबईस आलेले श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ हे चित्रकलेस बी. ए. च्या विषयांत स्थान देणारे विद्यापीठ होय. तेथील विद्यार्थिनीस भाषा व समाजशास्त्रे यांच्याबरोबर चित्रकला घेता आली. या सवलतीमागे स्त्रियांना शोभेशी विद्या म्हणून चित्र, संगीत व गृहशास्त्र यांकडे पाहण्याची दृष्टी नव्हती असे म्हणता येणार नाही. परंतु हेतू काहीही असो, पुरुषांच्या विद्यापीठाने ज्यास विद्या मानले नाही त्यास स्त्रियांच्या विद्यापीठाने मानले, आणि उदार शिक्षणातील चित्रकलेचा मुंबईतील खरा प्रयोग तेथे झाला. कलाशिक्षणाच्या इतिहासकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. 'घरगुती' म्हणून ज्याची वासलात लावली जाते त्याचे कागद सहसा कोणी चाळीत नाही.

आता उपनगरांकडे वळावयास हवे, कारण स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाचे खरे क्षेत्र तेच झाले. १९५० मध्ये व पुन्हा १९५७ मध्ये बृहन्मुंबईची सीमा वाढून दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. वस्तीबरोबर महाविद्यालये आली. अंधेरीस भवन्स १९४६ मध्येच निघाले होते. पार्ल्यास पार्ले महाविद्यालय व घाटकोपरलगत विद्याविहार येथे सोमय्या महाविद्यालय १९५९ मध्ये, आणि कालांतराने १९८४ मध्ये मुलुंडला वझे महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयांनी मध्यमवर्गीय मराठी व गुजराती मुलांस घराजवळ उच्चशिक्षण उपलब्ध करून दिले, ही त्यांची कामगिरी मोठीच आहे. परंतु त्यांच्या 'कला' शाखेत चित्रशाळा नव्हती. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या बोरिवलीच्या वा मुलुंडच्या मुलास आगगाडीने बोरीबंदर गाठावे लागे. बांद्र्यास १९५३ मध्ये एक कलाविद्यालय निघाले, तेही पदविकेच्याच चौकटीतले. विद्यापीठाने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संगीताचे केंद्र काढले व अशोक दा. रानडे यांच्यासारखा व्यासंगी संचालक त्यास लाभला. पुढे कलिना येथील विद्यानगरीत नाट्य व लोककला यांच्या अकादमी आल्या. चित्राचा विभाग मात्र विद्यानगरीत उभा राहिला नाही.

उपनगरात चित्रविद्येने उच्चशिक्षणात प्रवेश केला तो अनपेक्षित दारातून. पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या कलाशाळेत व नंतर जर्मनीतील उल्म येथे शिकलेले होते. रघुनाथ कृष्ण जोशी १९८३ पासून तेथे शिकवू लागले. जोशी यांच्यापाशी उपयोजित कलेची पदविका, जाहिरातक्षेत्रातील अनुभव, आणि देवनागरी अक्षराचा आयुष्यभराचा ध्यास होता. पुढे जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी अक्षररचनेचे काम केले. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या कोट्यवधींच्या डोळ्यांखालून गेलेला 'मंगल' हा टंक त्यांचाच. लिपीचा इतिहास, भाषेची रचना, बोरूचा कोन व यंत्राची मर्यादा यांचे एकत्र ज्ञान असल्यावाचून असे काम होत नाही. कलाशाखेने ज्यास जागा दिली नाही त्यास अभियंत्यांच्या संस्थेने दिली.

१९८१ मध्ये सर ज. जी. कलाशाळा मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली आणि ललितकला-स्नातक ही पदवी सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षणाची वाट मोकळी झाली, अध्यापकांच्या दर्जाचा प्रश्न निराळ्या पायावर आला. त्याच वेळी प्रवेशासाठी बारावीची परीक्षा आवश्यक ठरून कारागीर घरांतील मुलांची जुनी वाट अरुंद झाली. या हानीचा हिशेब सहसा मांडला जात नाही. शिवाय ही पदवी बी. ए. हून वेगळी ठेवण्यात आली. चित्रकलेच्या विद्यार्थ्यास कलेचा इतिहास व सौंदर्यशास्त्र शिकविले जाई, परंतु मराठी साहित्य वा तत्त्वज्ञान मुख्य विषयाच्या बरोबरीने घेता येत नसे, आणि बी. ए. च्या विद्यार्थ्यास चित्रशाळेत प्रवेश नव्हता. भिंत पडली नाही, ती विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरून आत आली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर निराळ्या विद्याशाखेतील विषय घेण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली आहे. चित्रास जागा, प्रकाश, अवजारे व विद्यार्थ्याशेजारी उभा राहणारा शिक्षक लागतो. उपनगरातील महाविद्यालयांच्या दाटीच्या इमारतींत ही सामग्री कोठून आणावयाची, हा प्रश्न त्या मुभेने सुटत नाही. दरम्यान २०२३ मध्ये सर ज. जी. च्या कला, वास्तुविद्या व उपयोजित कला या तिन्ही संस्थांचे मिळून अभिमत विद्यापीठ झाले, आणि १९८१ मध्ये जुळलेला संबंध बेचाळीस वर्षांनी सुटला. शासकीय रेखाकला परीक्षेच्या श्रेणीनुसार शालान्त परीक्षेत सात, पाच किंवा तीन वाढीव गुण देण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. घाटकोपर-बोरिवलीच्या शाळांतील मुले ते गुण मिळवितात आणि त्यांच्या आधारे महाविद्यालयाच्या कलाशाखेत प्रवेश घेतात.